आत्याच्या उजव्या हातातला झेंडा

मी चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांत वाढले. बाबा ती लिहायचे, मी घड्या घालायची. त्यांवरच्या चित्रांत सगळ्यांची उजवी मूठ वर, दंड पैलवानाचे, आणि एकाच्याही पाठीला बाक नाही. त्या चित्रांवर माझा तेव्हापासून राग. म्हणून हिंदी मुलखातल्या बालाघाटात, आमच्या वॉर्डात विहाराच्या भिंतीवर जयंतीची मिरवणूक रंगवायला मिळाली, तेव्हा ठरवलं: आपली माणसं आहेत तशी काढायची. चित्रकलेच्या वर्गातल्या शरीररचनेच्या तक्त्यावरचा गुळगुळीत पुरुष इथे कोणी पाहिलाय?

मिरवणुकीच्या पुढे झेंडा घेऊन आत्या असते. पोलिओमुळे तिचा उजवा पाय काडीसारखा. पाऊल टाकताना ती उजव्या हाताने मांडी दाबते, तेव्हा कुठे पाय उभा राहतो. फोटोत मात्र ती कायम बसलेली, पायांवर पदर ओढून.

"लंगडी दिसली त मीच चुना फासीन," तिने बजावलं.

"लाजाचं काहून, आत्या? भिंत आपली हाय, आपणच..."

"भाषण नोको देऊ. कुठं उभी राहू थे सांग."

अंगणात तिला उभी करून कागदावर पाय काढला, मग उजवा खांदा. वर्षानुवर्षं मांडी दाबून तो असा भरलाय की तक्त्यावरचा पुरुष फिका पडावा. मी हरखून काढत सुटले.

भिंत पुरी झाल्यावर ती शेजारणींना घेऊन आली. चित्र वरून खालपर्यंत न्याहाळू लागली. बारीक पाय सगळ्यांसमोर उघडा होता आणि चुन्याची बादली तिच्या हाताशी.

"काहून वं, झेंडा उजव्या हातात?"

मी पाहिलं. खरंच की! पत्रकांतला तो उजवा हात माझ्याच कुंचल्यातून वर गेला होता.

"मंग मांडी कोण दाबन, तुहा बाप? गिर जाऊंगी ना मैं, सबके सामने!"

हशा पिकला. एक शेजारीण म्हणाली, "बाई, तूच त म्हणे, लंगडी दिसाले नोको!"

"पडलेली दिसण्यापरीस चालताना दिसलेली बरी!"

तेवढ्यात मँगनीजच्या खाणीत दोन बोटं गमावलेले काका पुढे घुसले. "मले पाची बोटं देल्ली हिनं. दोन पुस माही!"

मी चुना उचलला आणि झेंड्याच्या हातावर फासला. आत्याने साडी घोट्याच्या वर खोचली, मांडीवर हात रोवला आणि भिंतीशी उभी राहिली.

"आता नीट पाह्य. अन् खांदा कमी नोको करू."