हलिमाभाभींच्या कॅसेटमधल्या वन्सं

आज सकाळी वन्सं गेल्या. त्यांचा विशीतला आवाज माझ्या देवघराखालच्या खणात आहे.

लेकीने हे अकाउंट उघडून दिल्यापासून मी इथे फक्त सणाच्या शुभेच्छा लिहिल्या. आज हे लिहिते.

सुमनवन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. यजमान गेल्यावर पोफळीची वीजकेंद्राची कॉलनी सोडून अठ्ठ्याण्णव साली रत्नागिरीला माहेरी, आमच्याकडे राहायला आल्या.

येताना एक ट्रंक आणि एक हट्ट घेऊन आल्या.

लग्नाआधी त्या रेडिओवरच्या एका नाटकात बोलल्या होत्या. एकदाच. मुलीचं छोटंसं काम. ते त्यांना पुन्हा ऐकायचं होतं.

हे तेव्हा लहान, ह्यांना काहीच आठवत नव्हतं. चिडवायचे मात्र, "ताई, तू रेडिओत होतीस की रेडिओसमोर?"

वन्सं हसायच्या. पण त्या दिवशी दुसरी पोळी घ्यायच्या नाहीत.

रेडिओ केंद्रावर जाऊन आल्या. तिथल्या माणसाने बसवून, चहा देऊन सांगितलं, जुन्या टेपांवर केव्हाच नवे कार्यक्रम भरले गेले.

मग त्या घरोघर फिरू लागल्या. ज्या घरचा माणूस आखातात, त्या घरी टेपरेकॉर्डर असायचाच. बायका रेडिओसमोर टेप ठेवून नाटकं भरायच्या आणि तिकडे पाठवायच्या. नवऱ्याच्या कानावर आपली भाषा पडावी म्हणून. त्यातल्या काही कॅसेटी परत आलेल्या.

मिळेल ती कॅसेट वन्सं मागून आणायच्या. नाटक कुठलं, कधीचं, कुणी भरलं, सगळा तपास. मी मॅट्रिक, मला संशोधन हा शब्द मोठा वाटतो. पण ते तेच होतं.

अडचण एकच. एकाही कॅसेटवर नावं नाहीत.

निवेदिका कलाकारांची नावं सांगायला लागली की सगळ्यांचं बोट पॉजवर. कॅसेट महाग, ती नावांवर कोण घालवणार? मला हिशेबी बाईला ते पटलं.

वन्संना नाही. "काटकसर करायला नावंच सापडली होय गो तुम्हां बायकांना!"

मग त्या नाटकाच्या मागचं ऐकू लागल्या.

"सुधा, हे ऐक. कौलांवर पाऊस. म्हणजे श्रावणाच्या आसपासचं."

"आणि इथे कोंबडा आरवतोय. रात्रीच्या नाटकात कोंबडा कुठला? कुणाच्या तरी कॅसेटवरून सकाळी उतरवून घेतलंय हे."

मी तांदूळ निवडत ऐकायची. अशी वर्षं गेली. नाटकं पुष्कळ सापडली, वन्सं काही सापडेनात.

एक दिवस त्याच म्हणाल्या, "मी खरंच होते ना गो? की मनानेच रचलंय सगळं?"

त्या दिवशी मी भगवतीला ओटी बोलले.

पुढे कधीतरी हलिमाभाभींचा निरोप आला. भाभी पूर्वी आमच्या पलीकडच्याच घरात राहायच्या, नंतर राजापूरला गेल्या. त्यांचे यजमान मस्कतहून कायमचे परत आले होते. पेटीभर कॅसेटी घेऊन.

आम्ही एसटीने गेलो. डबा घरचा.

भाभींनी टेप लावला. सुरुवातीची नावं अर्थात नाहीत. मागे संध्याकाळची अजान. वन्सं डोळे मिटून बसलेल्या.

नाटकात दार वाजलं. एक मुलगी म्हणाली,

"आई, दार उघड ना."

वन्संनी माझा हात घट्ट धरला.

पुढचं वाक्य यायच्या आत, टेपच्या अगदी जवळून, कॅसेटमधल्या तरुण हलिमाभाभी ओरडल्या,

"ऐकताव ना? ही बोलते ना, ती आपल्या पलीकडची सुमन! आपली सुमन!"

आणि बोलतच राहिल्या. थांबल्या तेव्हा ती मुलगी नाटकातून निघून गेली होती.

भाभींनी कपाळावर हात मारला. "सुमन, तुझ्या नाटकाची माती केली गो मी! एवढी कसली बडबड लागली होती मला मेलीला!"

मला वाटलं, संपलं. इतकं शोधून हाती काय, तर चार शब्द.

मग वन्सं म्हणाल्या, "परत लाव."

भाभींनी पहिल्यापासून लावलं.

"एवढं नको. तू माझं नाव घेतेस ना, तेवढंच लाव."

भाभींचे यजमान खाटेवर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "मस्कतला आमच्या खोलीत सगळ्यांनी ऐकलंय हे. खेडचे होते, राजापूरचे होते. पुढे कुठल्याही नाटकात मुलीचा आवाज आला की विचारायचे, ही सुमन काय?"

वन्संनी पदर तोंडाला लावला. हसल्या की रडल्या, मला कळलं नाही.

परतीच्या एसटीत म्हणाल्या, "समुद्रापलीकडे मला ओळखत होते गो. आणि मला पोफळीत पत्ता नाही!"

कॅसेट भाभींनी देऊनच टाकली. घरी ह्यांनी ऐकली. चिडवणं मात्र त्या दिवसापासून बंद.

मी ओटी भरून आले. साडी चांगली घेतली. तिथे काटकसर केली नाही.

आज अंगणात माणसं जमली. शेजारी नव्याने राहायला आलेल्या एकाने हळूच विचारलं, कोण गेलं?

हे म्हणाले, "माझी ताई. रेडिओवर होती."

वन्सं, एव्हाना आई भगवतीने दार उघडलं असेल.

शेवटचा नमस्कार करते.

तुमची सुधा