अदृश्य वाघाचा फ्लेक्स

आमच्या कळंब्याचा जोतीराम हळू बोलला तरी पलीकडच्या गल्लीतली म्हैस कान टवकारते. अंगानं आडदांड, वर फटफटणारी बुलेट. असा माणूस मोबाईलवरच्या समुद्री लढाईच्या खेळात लपण्यात पटाईत आहे, हे मला बरेच दिवस पटत नव्हतं.

त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक ताटकळत ठेवून एकदा त्यानं मला सगळं समजावलं. "काका, परत्येक जहाजाभोवती एक रिंगण असतंय. शत्रू त्या रिंगणात आला की तुमी दिसला. मोठी युद्धनौका लांबनंच दिसती. माझी विनाशिका बारकी, लई जवळ आल्याबिगर दिसत न्हाय. पण तोफ डागली की रिंगण वाढतंय. पाण्याखालनं टॉर्पेडो सोडला तर वाढत न्हाय. मग काय, बेटाआड थांबायचं, न्हायतर धूर सोडून आत बसायचं. एकानं बघितलं की त्याच्या सगळ्या टीमला दिसतंय, म्हणून गप ऱ्हायचं." 'गप' हा शब्द त्यानं असा उच्चारला की गिऱ्हाईक दचकलं.

दिसण्या-न दिसण्याचं एवढं शास्त्र कोळून प्यालेल्या या गड्याला घरात बायको मात्र दिसत नसे. राजनंदिनीच्या माहेरचं लग्न असो की बारसं, ती एकटीच जायची. शेवटी हातकणंगल्याला तिच्या धाकट्या भावाचा साखरपुडा ठरला, तेव्हा तिनं सरळ सांगितलं, "ह्या वेळंला आला न्हाईसा, तर मी माहेरातनं परत येणार न्हाय."

नेमकी त्याच दिवशी खेळाच्या स्पर्धेची अंतिम लढत. जोतीरामानं धूर सोडला. ताप आलाय म्हणाला, गोधडीत शिरून कण्हला. त्या भाबडीनं पेज करून ठेवली आणि ती एकटीच गेली.

लढत त्यानं जिंकली. अखेरपर्यंत एकही तोफ डागली नाही, धुरातनं टॉर्पेडो सोडला आणि शत्रूची मोठी नौका बुडवली. इथवर ठीक होतं. पण जिंकल्यावर तोंड मिटून बसणारा माणूस कोल्हापुरात अजून जन्मायचा आहे. तो तडक तालमीत गेला आणि पोरांना सगळं सांगून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात फ्लेक्स लागला. 'अदृश्य वाघ जोतीरामदादा यांचे हार्दिक अभिनंदन!' खाली बारीक अक्षरात खेळाचं नाव आणि लढतीची तारीख, कडेला गॉगल घातलेली अख्खी तालीम.

जोतीराम शिडी घेऊन धावला. तो फ्लेक्स जितका ओढी तितकी गर्दी वाढे. एक वाटसरू म्हणाला, "पावणं, वाढदिवस व्हय?" मी खालून म्हणालो, "जोतीराम, रिंगण वाढतंय."

तेवढ्यात बसमधून राजनंदिनी उतरली. नवऱ्याच्या तापाच्या काळजीनं साखरपुडा उरकताच पाहुण्यांनी भरलेलं घर सोडून आली होती. हातात औषधाची पिशवी होती. तिनं वर पाहिलं. तारीख वाचली. मग फोटो पाहिला. पोरांनी तो लग्नातल्या फोटोतून कापला होता. जोतीरामाच्या दंडावर मेंदीचा, हिरव्या चुड्याचा हात तेवढा राहिला होता.

"हात माझा हाय," ती म्हणाली. "बाकीची मी कुठं हाय?"

जोतीरामानं शिडीवरनंच खालच्या तारखेवर तळवा ठेवला. मला त्याची कीव आली, आणि तिच्यासाठी फार वाईट वाटलं. तिनं औषधाची पिशवी शिडीच्या पायरीला अडकवली आणि रस्ता ओलांडून समोरच्या, परतीच्या बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली.

मग त्यानं हाक मारली. सगळ्या कळंब्याला ऐकू गेली. तिनं काही मागं वळून बघितलं नाही.