शेऱ्याचा रकाना

गोंदियाच्या स्टेशनवर मी आठवड्यातून तीन-चार सकाळी जातो. प्लॅटफॉर्म तिकीट काढतो आणि नागपूरकडच्या टोकाला, जिथे इंजिन येऊन थांबतं, तिथल्या शेवटच्या बाकावर बसतो. चहावाला अजूनही विचारतो, "किसको छोड़ने आए, अंकल?" सुरुवातीला मी खरं सांगायचो की कुणाला नाही, इंजिनं बघायला आलो. त्यावर तो असा बघायचा की मलाच लाज वाटायची. आता "रिश्तेदार है" म्हणतो आणि विषय मिटवतो.

बघण्यासारखं तरी आता काय उरलंय म्हणा. आमची जुनी लाल विजेची इंजिनं गेली. कागदोपत्री त्यांचं नाव वॅप-फोर, आम्ही नुसतं 'लाल' म्हणायचो. सुटताना त्यांच्या पोटातून खटक, खटक असा आवाज यायचा, कुणीतरी जड पावलांनी जिना चढावा तसा, आणि मग गाडी ओढ घ्यायची. त्यांच्या जागी आलेली पांढरी इंजिनं ताकदीची आहेत, ते मी नाकारत नाही. पण ती नाकातल्या नाकात गातात आणि निघून जातात. मला ते गाणं आवडत नाही. वयाचा दोष समजा.

लाल इंजिनं एकेक करून कंडम व्हायला लागली तशी मोबाइलवरच्या आमच्या इंजिनवेड्यांच्या गटात एक प्रथा पडली. रोज संध्याकाळी कुणीतरी भंगारात गेलेल्या एका इंजिनाचा जुना फोटो टाकायचा आणि बाकीच्यांनी ते आपण कधी, कुठे पाहिलं ते लिहायचं. तेराव्याला जमलेली माणसं गेलेल्याच्या आठवणी काढतात ना, तसंच. दुर्ग, रायपूर, नागपूर, गोंदिया अशी साठेक माणसं आहेत, बहुतेक लिहिणं हिंदीत. मी चित्रकलेचा मास्तर होतो म्हणून मला सगळे सर म्हणतात. कुणी इंजिनाच्या देखभालीच्या शेडचं नाव चुकलं की मी लगेच दुरुस्त करतो. खोड आहे, जात नाही. साठातल्या एकाच्याही घरी मी कधी चहा प्यालेलो नाही, पण त्यांच्या सगळ्यांच्या चुका मला पाठ आहेत.

या चुका काढण्याच्या खोडीबद्दलच मला सांगायचं आहे.

बायकोला आगगाडीचं कौतुक शून्य. तिचं माहेर सौंदडला, घरामागे धानाच्या बांध्या आणि बांध्यांच्या पलीकडे रूळ. "गाडी येते, गाडी जाते. त्यात पाहाचं काय हाये जी?" असं ती लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात म्हणाली होती. मी तेव्हा देवरीच्या शाळेत होतो. देवरीला रेल्वे नाही. सुटीच्या दिवशी एसटीने गोंदिया गाठायचं, दिवसभर इंजिनं बघायची आणि धुळीने काळं झालेलं तोंड घेऊन घरी यायचं, हे माझं ठरलेलं. तिने कधी अडवलं नाही. डबा मात्र बांधून द्यायची.

पुढे बदली होऊन आम्ही गोंदियात आलो. तिची बहीण नागपूरला, त्यामुळे तिच्या फेऱ्या सुरू झाल्या. एकदा तिला गाडीत बसवून दिलं आणि सहज म्हटलं, नागपूरला उतरलीस की पुढे जाऊन इंजिनाचा नंबर बघ आणि फोनवर सांग. इथे मी लिहिलेलाच निघतो का, पडताळू. मास्तरकीत पडताळणी हा माझा आवडता शब्द. ती हसली आणि म्हणाली, "तुमचा लंबर आधी नका सांगू मले. मंग मज्या नाही."

त्यानंतर प्रत्येक खेपेला दुपारच्या आत तिचा फोन यायचा. "लिवा जी." आणि पाच आकडे, एकेक, सावकाश. माझ्या वहीत ते जुळायचे आणि मी लाल पेनने बरोबरची खूण करायचो. आकड्यांनंतर ती आणखी काही सांगू बघायची. काच पुसून राहिला होता डायवर, नाहीतर इंजिनाच्या डोक्यावर कबुतर बसून हाये, असलं काहीतरी. माझ्या वहीला पाच रकाने होते: तारीख, गाडी, नंबर, शेड, शेरा. शेऱ्यात मी 'हॉर्न बसका' असं तांत्रिक लिहायचो. कबुतर कुठे लिहिणार? "बरं, बरं," म्हणून मी फोन ठेवून द्यायचो. प्रवास कसा झाला, जागा मिळाली का, हे मी कधी विचारल्याचं मला आठवत नाही. आठवलं असतं तर बरं झालं असतं.

सहा वर्षांपूर्वी तिच्या पोटात गाठ निघाली. गोंदियाच्या डॉक्टरांनी नागपूरला हलवायला सांगितलं. नेमकी तिला न्यायच्या दिवशी चित्रकलेची ग्रेड परीक्षा होती आणि केंद्र माझ्याकडे. मी दुसऱ्या दिवशी निघायचं आणि तिने सौंदडहून आलेल्या तिच्या भावाबरोबर पुढे जायचं, असं ठरलं. दुसऱ्या कुणाला केंद्र देता आलं असतं. मी तसं कुणाला विचारलंच नाही.

सकाळी तिला शेवटून दुसऱ्या डब्यात बसवलं. उशाला पिशवी दिली, पाण्याची बाटली दिली आणि सवयीने पुढे इंजिनाकडे गेलो. लाल होतं, शेवटचे दोन आकडे शहात्तर. नंबर लिहितोय तोवर गाडी सुटली. डबे माझ्यासमोरून एकेक जात होते. तिचा डबा आला तेव्हा ती खिडकीशी होती. तिने डाव्या तळहातावर उजव्या हाताच्या बोटाने लिहिल्यासारखं करून दाखवलं. लिहिला का, असं विचारत होती. मी वही उंच करून दाखवली.

फोन आला तेव्हा मी परीक्षेच्या खोलीबाहेर व्हरांड्यात होतो. आत मुलं मडकं आणि दोन वांगी काढत होती. गाडी पाऊण तास उशिरा पोचली होती, त्यात काही विशेष नव्हतं. तिचा आवाज बारीक होता.

"लिवा जी." तिने पाच आकडे सांगितले. शेवटी एकतीस.

"एकतीस नाही," मी म्हटलं. "बरोबर पाह्य."

"मी पाह्यला ना. माह्या डोऱ्यानं. आन् आयका ना, त्याच्या कपारावर..."

"तू पुढं गेलीच नाही," मी म्हटलं. "थकली होती तं तसं सांगाचं. खोटा लंबर कायले सांगून राहिली वो?"

मागे स्टेशनवरची घोषणा ऐकू येत होती. मग ती म्हणाली, "लिवा तुमाले पटंल ते." आणि फोन ठेवला.

मी वहीत तिचा एकतीसवाला नंबर लिहिला, लाल पेनने कापला आणि शेऱ्यात लिहिलं, 'पडताळणी झाली नाही.' मग आत जाऊन मुलांना मडक्याची सावली कशी द्यायची ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा तिला ऑपरेशनसाठी नेत होते. पुढचे दिवस नळ्या, औषधं आणि गुंगी. नंबराचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. तिच्या भावाने एकदा कुरकुर केली होती: नागपूरला उतरल्यावर तो व्हीलचेअर बघायला गेला तर ही बाकावरून उठून कुठे निघून गेली, बऱ्याच वेळाने परत आली आणि पाणी प्यायला गेली होती म्हणाली, बाटली तर भरलेली होती. मी ते ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. नवव्या दिवशी ती गेली.

आता जे लिहितोय ते लिहायला मला जड जातंय. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी तिला माफ केलं आहे. तीस वर्षांच्या संसारात ती एकदाच खोटं बोलली आणि तेही माझं मन राखायला, दुखण्यात. त्याचं काय मनावर घ्यायचं, असा माझा मोठेपणा. स्वयंपाकघरात एकटा भात गिळताना तिची आठवण आली की मी स्वतःला सांगायचो, जाऊ दे, माफ केलं ना तिला.

गेल्या महिन्यात नागपूरच्या एका बाईंनी गटात फोटो टाकला. बँकेत नोकरी करतात, कामावर जायच्या आधी स्टेशनवर कॅमेरा घेऊन उभ्या राहतात, मी त्यांना कधी भेटलेलो नाही. फोटोत लाल इंजिन होतं, कोवळ्या उन्हात. नंबराच्या शेवटी एकतीस. खाली त्यांनी हिंदीत लिहिलं होतं की त्या दिवशी या गाडीचं मूळ इंजिन भंडारा रोडला बंद पडलं, हे दुसरं लावून गाडी पाऊण तास उशिरा आली आणि त्या उशिरामुळेच मला हे ऊन मिळालं. आता हेही कंडम झालं. खाली तारीख.

तारीख पडताळायला मला वही काढावी लागली नाही.

मी फोटो बोटांनी मोठा केला. इंजिनाच्या दोन काचांच्या मधोमध, बरोबर कपाळावर, कुणीतरी कुंकवाचा रुंद पट्टा ओढला होता. पूजा झाली असावी. झेंडूची माळ एका बाजूला घसरून लोंबत होती. त्याच्या कपारावर, म्हणत होती ती. मी पुढचं ऐकलं नव्हतं.

गटात लोक हात जोडत होते, फुलं टाकत होते. "सर, आपने देखा था इसको?" एकाने मला विचारलं. सर पलंगावर बसून रडत होते. तोंडात पदर कोंबावा तशी मी उशी कोंबली, घरात ऐकायला कुणी नसताना.

रडून झाल्यावर बाईंना एवढंच विचारलं, कितव्या प्लॅटफॉर्मवर होतं आणि कुठवर. त्यांनी लगेच सांगितलं: नेहमीचाच प्लॅटफॉर्म, इंजिन छपराच्या पार बाहेर, म्हणून तर ऊन.

परवा मी गेलो. तीच सकाळची गाडी, शेवटून दुसरा डबा. पुढे पांढरं इंजिन होतं, मी ते बघायला गेलो नाही. नागपूरला उतरलो आणि चालायला लागलो. गर्दी समोरून अंगावर येत होती, हमाल, ट्रॉल्या, बॅगा. मला गुडघ्याचा थोडा त्रास आहे, बाकी तब्येत ठणठणीत. सातव्या डब्यापाशी धाप लागली म्हणून बसलो. पुढे पाण्याच्या नळाजवळ पुन्हा बसलो. छप्पर संपलं, ऊन आलं, तरी अजून तीन डबे बाकी होते. तिच्या पोटात गाठ होती, सकाळपासून उपाशी होती, आणि भाऊ परत यायच्या आत तिला हे अंतर जाऊन यायचं होतं. जातानाही आणि येतानाही. मला नुसतं जातानाच दोनदा बसावं लागलं.

इंजिनापाशी पोचलो तर ते सुटायच्या बेतातच होतं. नाकातलं गाणं म्हणत गाडी माझ्यासमोरून निघून गेली. प्लॅटफॉर्म मोकळा झाला. मी पिशवीतून सहा वर्षांपूर्वीची वही काढली आणि ते पान उघडलं. शहात्तरवर काट मारली. एकतीसवर मीच मारलेली लाल रेघ काही पुसता येत नव्हती, म्हणून तिच्याशेजारी बरोबरची खूण केली. शेऱ्यातलं 'पडताळणी झाली नाही' तसंच ठेवलं, कारण ते खरंच होतं. पडताळणी मी केली नव्हती. त्याच्याखाली जेवढी जागा उरली होती तेवढ्यात बारीक अक्षरात लिहिलं: 'कपाळावर कुंकू. हिने पाहिलं.'

मग मोबाइल काढला. फोन करून हे सांगायचं होतं. नागपूरला उतरल्यावर फोन करायचा आणि नंबर सांगायचा, हे तिचं काम होतं. पलीकडे वही घेऊन बसायचं ते माझं. आज नागपूरला मी होतो आणि गोंदियात, आमच्या घरी, फोन उचलायला कुणी नव्हतं.