दोघांत एक जीभ

जेवताना बोलू नये, हा नियम साऱ्या जगाने पाळायचा ठरवला असता, तरी आमच्या समोरच्या दारातल्या काकांना तो पाळता आला नसता. कारण काका गप्प बसले की काकूंच्या हातातला घास ताटात परत जाई. अख्ख्या नव्या मुंबईत इतकं सावकाश, इतकं डोळे मिटून आणि इतकं मोठ्याने जेवणारा दुसरा माणूस नव्हता, हे मी नव्वदच्या दशकापासूनच्या माझ्या जुईनगरच्या वास्तव्याला स्मरून सांगते.

कारण साधं होतं, आणि तितकंच निर्दय. एका लांबलेल्या तापाने जाताना काकूंचं वासाचं ज्ञान बरोबर नेलं. डॉक्टर म्हणाले, नस आहे, सुधारेल किंवा सुधारणारही नाही. नाकापाठोपाठ जिभेचाही बहुतेक कारभार आटोपला. आंबट, गोड, खारट एवढं भिंतीपलीकडच्या बोलण्यासारखं पुसट कळे; बाकी साऱ्या पदार्थांची एकच गत. "ओला कागद चघळल्यासारखं वाटतं गं," असं मला म्हणून त्या ताट सरकवत. पोलक्याच्या बाह्या ढिल्या पडल्या, मनगटातल्या बांगड्या कोपराकडे घरंगळू लागल्या. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन बजावलं की याला औषध नाही, पण बाई खात राहिल्या पाहिजेत. त्या दिवसापासून दोघांच्या वतीने चव घेण्याचं काम काकांनी अंगावर घेतलं.

काका बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत टिप्पण्या लिहीत असत, आणि सुरुवातीला त्यांची जीभही कचेरीतलीच होती. आमची दारं समोरासमोर, दोन्ही दिवसभर उघडी; त्यामुळे पहिली टिप्पणी मी माझ्या ओट्यापाशी उभी राहून ऐकली. "सदर आमटी आंबटगोड असून, तीत गुळाचे प्रमाण किंचित अधिक असल्याचे दिसून येते."

"अहो, टिप्पणी नको. चव सांगा."

आमटीचा आणखी एक भुरका ऐकू आला. मग काकांचा आवाज आला, जरा खालच्या पट्टीतला. "तुझ्या मावशीकडे मी पहिल्यांदा जेवायला आलो, तेव्हा मागच्या अंगणात चिंच वाळत घातली होती. तू ती राखत बसली होतीस आणि मी आलेला दिसूनही न दिसल्यासारखं केलंस. तशी आहे."

थोड्या वेळाने वाटीच्या तळाला चमचा घासल्याचा आवाज आला. उपमा हा अलंकार आहे, असं मला एम.ए.ला शिकवलं होतं. तो एखाद्याच्या पोटात दोन घास घालू शकतो, हे मला आमच्या जिन्याने शिकवलं.

घरचं जेवण सांगून झालं तसे काका बाहेर पडले. शनिवारी संध्याकाळी पांढरा बुशशर्ट घालून, केसांना पाणी लावून ते जिन्यात उभे राहत. "चला, आज कुठलं सेक्टर?" असं विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर परदेशी निघालेल्या माणसाची लगबग असे. शहर तेव्हा अर्धवट वाळलेलं होतं. रुंद रस्त्यांवर माणसं कमी आणि ओल्या सिमेंटचा वास जास्त, आणि संध्याकाळ झाली की त्यावर खाडीचा खारा वारा येऊन बसे. त्या आकड्यांच्या शहरात ही दोघं हातात हात न घेता, पण एकाच पावलाने चालत. मीही कधीमधी बरोबर असे. वाशीच्या उडुपी हॉटेलात काकांनी पहिला घास घेऊन डोळे मिटले की वेटर लोकांची धांदल उडायची. तपासणीला आलेला कुणी अधिकारी समजून मालकाने एकदा न मागता दुसरी चटणी पाठवली होती. चायनीजचं तेव्हा नवं वेड होतं. नूडल्सचं वर्णन काकांनी असं केलं: "तुझ्या माहेरच्या शेवया आठव. त्या रागावून घर सोडून गेल्या, की अशा होतील." आणि मक्याच्या सूपविषयी: "आजारी माणसाला बघायला येणाऱ्या तुझ्या आत्याबाईंसारखं. गरम आहे, गोड आहे, उपयोग काही नाही." काकू हसल्या, की हसता हसता चार चमचे पोटात जात. काकांचा सगळा हिशेब त्या चार चमच्यांचा होता.

ही दोघं वाईची, जन्माची शाकाहारी. पण दिवाळे गावात बोंबील वाळत घातलेले दिसले, तेव्हा काका नाकाला रुमाल लावून तिथेही थांबले आणि रुमालातूनच सांगू लागले, "आपल्या घाटावर पूर ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी जे काय येतं ना, त्याला मीठ लाव आणि उन्हात टांग."

वाळते बोंबील उलटणारी कोळीण कमरेवर हात ठेवून बघत होती. "काय गो बाय, तुजा दादला मासळीची आरती करतंय का?"

"मला वास येत नाही हो," काकू म्हणाल्या. "म्हणून हे सांगतात."

तिने कमरेवरचे हात खाली घेतले. मग म्हणाली, "मंग असा दादला मना पन दे गो. मना वास येतंय, सांगनारा कोन न्हाय."

परतीच्या वाटेवर काकांची छाती इंचभर पुढे होती.

पण आठवणी किती पुरणार? वर्ष सरलं आणि काकांचा साठा संपत आला. "ही खीर म्हणजे आपण महाबळेश्वरला..." असं ते सुरू करत, आणि काकू शांतपणे म्हणत, "महाबळेश्वर बासुंदीला वापरलंत." ताटं पुन्हा अर्धी राहू लागली. काका ऑफिसातून येऊन माझ्या दारात उभे राहत आणि विचारत, "तुम्ही कविता करता ना? एखादी चव असेल शिल्लक तर द्या." थट्टेचा सूर होता, डोळे मात्र थट्टा करत नव्हते.

त्याच सुमारास माझा भाऊ आमच्याकडे आला. पुण्यापलीकडे द्राक्षांच्या पट्ट्यात वाइनचा एक लहानसा कारखाना होता, तिथे तो केमिस्ट होता. तिथली माणसं वाइन तोंडात फिरवतात आणि मग ती कशी लागली हे तासभर सांगत बसतात, असं तो काका-काकूंसमोर चहा घेताना बोलता बोलता म्हणाला.

काकांनी हातातली बशी खाली ठेवली. "म्हणजे चव सांगायला पगार देतात?"

"देतात की!"

"अगं ऐकलंस? आणि आम्ही इथे फुकट राबतोय!" मग भावाकडे वळून, अगदी शाळकरी नम्रतेने, "मला शिकवाल?"

अशा तऱ्हेने, आयुष्यात सोड्याच्या पुढे न गेलेले काका काकूंना घेऊन वाइनच्या कारखान्याला निघाले, आणि ओळखीपुरती मीही भावाच्या जीपमध्ये बसले. घाटातला वडा, लोणावळ्याची चिक्की, पुण्यात एक मुक्काम, पेठांतून निरुद्देश भटकंती, कोपऱ्यावरची मस्तानी; काका प्रत्येक ठिकाणी थांबले आणि प्रत्येक ठिकाणी अडखळले. काकूंनी मस्तानीचा पेला अर्धा ठेवला, तेव्हा काकांनी तो मुकाट्याने संपवला.

कारखान्यात पाहुणे येण्याची रीतच नव्हती. रखवालदाराने आम्हाला द्राक्षांचे व्यापारी समजून सलाम केला. आत मात्र काळोखी गारवा होता, आणि आंबत्या रसाचा, भिजल्या लाकडाचा, एखाद्या झोपलेल्या जनावराच्या श्वासासारखा ऊबदार वास. भावाने पेल्यात लाल वाइन ओतली. "काका, फिरवायची आणि थुंकायची."

"थुंकायची? कुणाच्या कष्टाची आहे," असं म्हणून काकांनी ती गिळली.

"पिकलं जांभूळ लागतंय? थोडं लाकूड? शेवटी मिरी?"

काकांनी डोळे मिटले. आम्ही थांबलो. पिंपातून कुठेतरी थेंब पडत होता. काकांनी डोळे उघडले, तेव्हा त्यांचा चेहरा परीक्षेत कोरा कागद देणाऱ्या मुलासारखा झाला होता.

"अगं, नाही सांगता येत. याच्यासारखं आपल्याकडे काहीच नाही."

काकूंनी त्यांच्या हातातून पेला घेतला. एक घोट घेतला, आणि बराच वेळ तोंडात धरून ठेवला. मग म्हणाल्या, "मी सांगू?"

"तुला लागतंय?" काका ओरडलेच.

"वास नाही येत. पण दातांना कोरडं लागतं, आणि मग आत ऊब येते." त्यांनी पेल्यात पाहिलं. "आपण जुईनगरला राहायला आलो, त्या दिवशी तुम्ही सामानाच्या टेम्पोबरोबर मागे राहिला होतात. मी एकटी त्या रिकाम्या घरात. कुणी बघत नव्हतं, म्हणून मी भिंतीला गाल लावून उभी राहिले. नवा चुना, गार, खरखरीत. आणि मग खाली टेम्पो थांबल्याचं ऐकू आलं. तशी आहे ही."

काका म्हणाले, "हे मला कधी बोलली नाहीस."

"विचारलंत कधी? बोलत तर सारखे तुम्हीच असता."

माझा भाऊ पेले विसळण्याच्या निमित्ताने पाठमोरा झाला.

दुपारी रस्त्याकडेच्या खाणावळीत पिठलं-भाकरी आली. काकांनी सवयीने डोळे मिटले, तोच काकूंनी त्यांच्या ताटावर बोट वाजवलं. "तुम्ही जेवा. मी सांगते." भाकरीचा पापुद्रा कसा मोडतो, पिठल्याची ऊब बोटांना आधी कशी कळते, ठेचा जिभेला कुठे चावतो, हे त्या सांगत गेल्या, आणि सांगता सांगता त्यांनी दुसरी भाकरी मागितली. काका खाली मान घालून जेवत होते. वर बघण्याच्या अवस्थेत ते नव्हतेच.

काकूंचा वास परत आला नाही. पण त्यानंतर समोरच्या दारातून दोन आवाज येऊ लागले. एक घास काका सांगत, एक घास काकू. पुष्कळदा त्यांचं जमत नसे आणि भांडणाने जेवण लांबे, ते मला फार आवडे. काकूंच्या बांगड्या हळूहळू मनगटाशी येऊन थांबल्या.

काका निवृत्त झाले आणि दोघं वाईला परतली. निघताना माझ्या हातचा आल्याचा चहा त्यांनी घेतला. तो कसा होता हे मात्र त्यांनी एकमेकांनाच सांगितलं, अगदी हळू, आणि मी विचारलं नाही.

समोरच्या घरात आता नवी मंडळी आहेत. सुगरण आहे त्यांची सून. सकाळी त्या उघड्या दारातून लसणाच्या फोडणीचा वास येतो, भाजल्या खोबऱ्याचा येतो, कधी उतू गेलेल्या दुधाचा. हातातलं काम सोडून मी अजूनही क्षणभर थांबते, कान देऊन. वास येतो, सांगणारं कुणी नाही.