बोगद्याचं घरचं तोंड

आमच्या पंपांच्या कंपनीतले बोगदेवाले या महिन्यात निवृत्त होतायत. त्यांच्यावर कंपनीच्या मासिकासाठी ‘चांगलंसं काहीतरी’ लिहून द्या, असं संपादिकाबाईंनी मला सांगितलं. लिहिते. त्यात माझं वाईटही येईल, ते त्यांनी कापू नये.

बोगदेवाले हे नाव मीच ठेवलेलं. कामाने ते नेटवर्कवाले. सर्व्हरच्या गार खोलीत बारा महिने अंगात स्वेटर, कानावर पेन्सिल, खिशात चिकटपट्टीचं रीळ. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी. ‘यांच्या डब्यालाही चिठ्ठी असेल’ अशी थट्टा चालायची. एकदा मी पाहिलं, तर होती खरंच. बायकोच्या अक्षरात: ‘बसून खा.’ ते उभ्यानेच खायचे.

मी ड्रॉइंग विभाग सांभाळत होते. साठी उलटली तरी कंपनीने मला सोडलं नव्हतं, कारण जुन्या पंपांचं कुठलं ड्रॉइंग कुठे आहे हे मलाच पाठ. चार वर्षांपूर्वी माझं खुब्याचं हाड मोडलं आणि घरून काम करायचं ठरलं. त्याची सोय करायला बोगदेवाले घरी आले.

आल्या आल्या त्यांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. आधी खोली पाहिली.

“ताई, हा कॉम्प्युटर तुमचा एकटीचा?”

“एकटीचाच. धाकटी जाऊ कधीमधी लोकरीचे नमुने बघते.”

“मग एकटीचा कसा?”

“विणकामाने तुमचे पंप बंद पडतात की काय?”

ते हसले नाहीत. म्हणाले, “इथून ऑफिसपर्यंत इंटरनेटच्या पोटातून एक बंद बोगदा काढतोय. बाहेरच्याला आतलं दिसणार नाही. पण या टोकातून जे आत शिरेल ते थेट माझ्या सर्व्हरपर्यंत येईल. ऑफिसचं तोंड मी राखतो. घरचं तुम्ही राखायचं.”

नियम दोन. बोगदा उघडताना दर वेळी मोबाइलवर आलेला आकडा टाकायचा. आणि पंधरा मिनिटं काम थांबलं की बोगदा आपोआप बंद. आता वॉकर घेऊन न्हाणीघरात जाऊन यायलाच मला वीस मिनिटं लागायची. परत यावं तर बंद. चष्मा शोधा, मोबाइल शोधा, आकडा टाका. माझं डोकं उठलं. मी रोज फोन करून त्यांचंही उठवलं.

“अहो, मी म्हातारी आहे, चोर नाही. माझ्यावर कसला पहारा?”

आठव्या दिवशी ते नमले. हातात काठी येईपर्यंत, म्हणजे महिनाभर, माझ्यापुरते दोन्ही नियम काढले. बोगदा सताड उघडा. असा प्रत्येक बदल ते एका वहीत लिहीत: कुणासाठी, का, कधीपर्यंत.

“माझं नाव नका घालू,” मी म्हटलं. “बाईला झेपत नाही म्हणतील.”

फोनवर वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, “‘चाचणीसाठी’ असं लिहितो.” अठरा वर्षांच्या त्या वहीतली ही एकमेव खोटी ओळ. ती मी लिहवून घेतली.

महिना संपला, काठी आली. त्यांचे दोन फोन आले: “ताई, करू का आता बंद?” दोन्ही वेळा मी म्हटलं, “पुढच्या आठवड्यात बघू.” सोय अंगवळणी पडली होती, दुसरं काय.

मग एका दुपारी माझा डोळा लागला असताना जावेने माझ्या कॉम्प्युटरवर इंटरनेटवरून स्वेटरचा फुकटातला नमुना उतरवून घेतला. त्याबरोबर जो व्हायरस आला तो उघड्या बोगद्यातून सरळ ऑफिसात शिरला. संध्याकाळपर्यंत एकही ड्रॉइंग उघडेना. बोगदेवाल्यांनी सगळ्याच्या प्रती वेगळ्या काढून ठेवलेल्या होत्या, म्हणून वाचलो. चार दिवस ते त्या खोलीतून हलले नाहीत, आणि शेवटचं ड्रॉइंगसुद्धा परत आणून दिलं.

तरी चौकशी झाली. बैठकीत मोठे साहेब, एक अधिकारी आणि बोगदेवाले. मी घरून, पडद्यावरच्या चौकटीत. साहेबांनी वही वाचली.

“‘चाचणीसाठी’. कसली चाचणी?”

बोगदेवाल्यांनी चष्मा काढून पुसला. पडद्याकडे पाहिलं.

“कसली, म्हणतोय मी,” साहेब पुन्हा म्हणाले.

माझा माइक बंद होता. तो चालू करायला एक बटण दाबावं लागतं. दुसऱ्यांना फटकन बोलण्याबद्दल प्रसिद्ध असलेली मी, मूग गिळून बसले.

“मीच उघडा ठेवला होता,” ते म्हणाले. “चूक माझी.”

त्यांना स्टोअरमध्ये टाकलं. ज्या माणसाने अख्खं ऑफिस जोडलं, तो चार वर्षं हातमोजे आणि बूट वाटत बसला. मी स्वतःची समजूत घालून घेतली की त्यांनी आपण होऊन मला वाचवलं, आता मध्ये बोलून त्यांचा मोठेपणा कशाला घालवा. ही समजूत फार सोयीची होती.

गेल्या आठवड्यात या लेखासाठी म्हणून स्टोअरमध्ये गेले. त्यांनी स्टूल पुढे केलं. म्हटलं, “त्या दिवशी तुम्ही माझी लाज राखलीत. मी बोलायला हवं होतं.”

“राखली वगैरे नाही, ताई.” ते मोज्यांच्या जोड्या लावत होते. “मी थांबलो होतो. तुम्ही बोलाल म्हणून. साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं तोवर थांबलो. मग म्हटलं, वहीतलं अक्षर तर आपलंच आहे.”

एक कामगार येऊन मोजे घेऊन गेला. तो गेल्यावर मी विचारलं, “हे लिहू?”

“लिहा. फक्त मी मोठ्या मनाने गप्प बसलो असं लिहू नका. मला राग आला होता. अजून आहे.”

म्हणून तसं लिहीत नाही. बोगदा माझ्यासाठी उघडा होता, माझ्या हट्टाने उघडा होता, आणि महिना उलटून गेल्यावरही मीच तो बंद करू दिला नाही. निरोपाच्या कार्यक्रमात साहेबांनी हे वाचून दाखवावं. त्यांना जमणार नसेल तर मी वाचेन.