वेलबुट्टीतली नोटीस

भाचीची लग्नपत्रिका घरच्या कॉम्प्युटरवर टाइप करताना मी छान वेलबुट्टीदार फॉन्ट निवडला. यापुढे कायम हाच ठेवायचा का, असं कॉम्प्युटरने विचारलं आणि मी ऐटीत होकार दिला.

तेव्हा मी रत्नागिरीतल्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. पुढच्याच आठवड्यात टाकी धुवायची निघाली. उद्या पाणी बंद, आजच भरून ठेवा, अशी नोटीस मी घाईघाईत छापून जिन्यात लावली. अक्षरं त्याच वेलबुट्टीत उमटली होती. मला वाटलं, शोभा आली.

सकाळी तळमजल्यावरच्या काकू रिकामी बादली घेऊन दारात उभ्या.

"काकू, नोटीस वाचली नाहीत?"

"ती पत्रिका? घरी येऊन अक्षत न देता जिन्यात चिकटवलीत, मग वाचायची कशाला? सगळे रुसलेत तुमच्यावर."

मी ओशाळून बायकोला हाक मारली, "काकूंना आपल्यातलं पाणी दे गं."

"कुठलं पाणी? मला वाटलं, तुमच्या भाचीचीच पत्रिका लावलीत."

मग काकूंच्या मागोमाग मीही बादली घेऊन शेजारच्या विहिरीवर गेलो. तिथे सगळी सोसायटी जमली होती, आमंत्रण नसतानाही.