टाका न घातलेला अंगठा

वहिनींना उघडं काही सहन होत नसे. उघडं दार, उघडा डबा, उसवलेली बाही. रस्त्यातल्या अनोळखी माणसाच्या खिशाची शिवण सुटलेली दिसली तरी त्या हटकायच्या, "अहो, किल्ल्या सांडतील." नवरा गेला तेव्हा शिलाईचं दुकान बंद करा, असा सल्ला ज्याने त्याने दिला. वहिनींनी मशीन खिडकीपाशी ओढलं आणि धाकट्या दिराला कटिंगला उभं केलं. त्या विधवा, भावजी बिनलग्नाचे. लोकांनी बोलायचं ते बोलून घेतलं आणि मग कपडे शिवायला टाकले. फिटिंग चांगलं असलं की जिभा आपोआप आवरतात.

कात्री भावजींची आणि सुई वहिनींची, ही वाटणी कधी मोडली नाही. भावजींचा हात देवाने कात्रीसाठीच घडवलेला, स्वभाव मात्र लोण्याचा. ते कुणाला नाही म्हणत नसत. दुकानाच्या पायरीवर झोपणाऱ्या कुत्र्यालाही नाही. त्याच्या कपाळावर काळा गोल ठिपका होता, म्हणून त्याचं नाव बटण. वहिनी त्याला नुसतं 'ते' म्हणत. "ते पुन्हा आलंय. ते आत घेऊ नका."

त्या दिवशी दुपारी वहिनींनी एक पँट शिवायला घेतली आणि हातातच धरून राहिल्या.

"भावजी, ही कड कुणी कापलीय? चालत्या गाडीत बसून?"

"कात्री बोथट झालीय."

"कालच तर धार लावून आणलीत."

भावजींनी कात्री डाव्या हातात धरली होती. उजवा हात टेबलाखाली.

"वर करा तो हात."

अंगठ्याला अस्तराची पट्टी घट्ट आवळलेली, आणि कडेने पांढरा चिखल बाहेर आलेला. वहिनींना विचारायची गरजच नव्हती. सुई लागली की मार्किंगचा खडू चोळायचा आणि पट्टी बांधायची, ही त्या दुकानाची जुनी रीत. ती भावजींना शिकवली होती खुद्द वहिनींनी.

"सुई लागली म्हणू नका. तुम्ही सुईला शिवतसुद्धा नाही."

"बटणचा दात लागला. चावला नाही हो. तो टेरीकॉटच्या तुकड्यावर झोपला होता, मला तोच तुकडा हवा होता, मी ओढला."

"झोपलेल्याच्या अंगाखालचं ओढलंत तर मीही चावेन," वहिनी म्हणाल्या. "चला दवाखान्यात."

"नको. तिथे नाव लिहून घेतात, मग कुत्रं उचलायची गाडी येते."

खरी गोम ही होती. एवढ्यात शेजारचे कुलूपवाले काका कानोसा घेत आलेच. ते म्हणाले, ओळखीच्या कुत्र्याचं काही बाधत नाही. मला असाच एक चावला होता तेव्हा मी रॉकेल ओतून मोकळा झालो. वहिनींनी त्यांना सांगितलं, "काका, तुम्ही कुलपात तेल ओता. माणसात नको." आणि भावजींना कोपराला धरून बाहेर काढलं. त्यांच्या डोक्यात एकच होतं: अंगठा फाटलाय, दोन टाके पडले की काम संपलं. या अंगठ्यावर कात्री चालते आणि कात्रीवर घर.

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती आणि दमलेली. तिने पट्टी सोडली, लेपाकडे पाहिलं.

"हे काय?"

"खडू," भावजी म्हणाले.

"आज सकाळपासून मी जखमांवर मिरची पाहिली, टूथपेस्ट पाहिली. खडू पहिलाच." तिने त्यांना भिंतीकडच्या नळाखाली उभं केलं. "साबण लावा आणि धुवा. धार जोरात सोडा. पंधरा मिनिटं. घड्याळ समोर आहे, त्याच्याकडे बघा, माझ्याकडे नको."

खडू ओघळून मोरीत गेला आणि खाली दातांच्या दोन खोल खुणा उघड्या पडल्या. मग डॉक्टरणीने जंतुनाशक लावलं आणि ट्रे बाजूला सारला.

"टाके?" वहिनींनी विचारलं.

"घालायचे नाहीत."

"असं कसं? उघडं ठेवलं की उसवत जाणार. मी उभा जन्म शिवण्यात काढलाय, मला सांगताय? तुम्हाला जमत नसेल तर दोरा द्या."

"मावशी, अस्तरात तुटकी सुई राहिली असेल तर तुम्ही वरून शिवण मारता?"

"आधी सुई काढते," वहिनी म्हणाल्या.

"दाताने घाण आत ढकललीय. मी शिवलं तर ती आतच कोंडेल. पट्टीही आवळायची नाही." मग तिने औषधाची सुई थेट जखमेत आणि भोवतीने टोचली. भावजींनी डोळे मिटून घेतले. दंडात आणखी एक, रेबीजच्या लशीची, दिली, पुढच्या तारखा सांगितल्या. "एकही चुकवायची नाही. आणि कुत्र्यावर नजर ठेवा. तो आजारी पडला, नाहीसा झाला, तर लगेच येऊन सांगा. पण तो ठीक दिसतोय म्हणून मला न विचारता सुया बंद करायच्या नाहीत."

"त्याला नेणार नाहीत ना?" भावजींनी विचारलं.

"मला तो पायरीवर हवाय. दिसेल असा."

तेव्हापासून वहिनींच्या मागे नवीन काम लागलं. रोज सकाळी पायरीवर पाव टाकायचा आणि 'ते' खातंय का, पाणी पितंय का, बघत उभं राहायचं. गिऱ्हाईकं हसत. "वहिनी, कुत्रा पाळलात?" "कुत्रा नाही, दीर पाळलाय," वहिनी म्हणायच्या.

पुढच्या एका सुईच्या सकाळी पायरी रिकामी होती.

भावजी चप्पल घालून, दवाखाना सोडून गल्लीच्या उलट टोकाला निघाले. "आधी बटण सापडू दे. मग सुई."

"कुत्रा हरवला म्हणून तर आधी सुई. डोक्यातही खडू भरलाय का? तुम्ही दवाखान्यात जा. मी शोधते."

"तुम्ही?"

"मला पाय आहेत."

वहिनी पाव घेऊन निघाल्या. आयुष्यात प्रथमच त्यांनी मोठ्याने हाक मारली, "बटण," आणि इस्त्रीवाल्याने मान बाहेर काढून पाहिलं. कचऱ्याच्या पेट्या पाहिल्या, पार्किंगमधल्या गाड्यांखाली वाकून पाहिलं. गुडघे कुरकुरत होते. मेलं मरायला आज कुठे गेलं, असं तोंडातून निघालं आणि त्यांनी जीभ चावली. मरायला नको होतं, एवढंच तर हवं होतं.

लाँड्रीच्या मागच्या ऊबदार भिंतीशी तो सापडला. दुकानातून पळवलेलं नवंकोरं सॅटिनचं अस्तर अंगाखाली घेऊन झोपलेला. हाक ऐकून त्याने एक डोळा उघडला, शेपटी जमिनीवर आपटली, पाव खाल्ला, लाँड्रीतून मागून आणलेलं वाटीभर पाणी लपालपा प्यायला. अस्तर गिऱ्हाईकाचं होतं. वहिनींचा हात पुढे गेला आणि तसाच मागे आला.

दवाखान्यात भावजी बाही वर न करता बसले होते. आपला नंबर त्यांनी तिघांना देऊन टाकला होता. नर्स वैतागलेली.

"आहे," वहिनी दारातूनच म्हणाल्या. "धडधाकट आहे. माझ्या सॅटिनवर लोळतंय. करा बाही वर."

भावजींनी बाही वर केली. नर्स सुई टोचत असताना वहिनींनी मान फिरवून भिंतीकडे पाहिलं. मग त्यांनी अंगठा हातात घेऊन उजेडात धरला. जखम आपली आपण मिटत आली होती. कड वेडीवाकडी, एका बाजूला गोळा झालेली.

"मी शिवली असती तर दिसलीही नसती," त्या म्हणाल्या. "पुढची कधी आहे, ते विचारा. आणि येताना पाव घ्या. एका पावाने ते उपाशीच असेल."